दादाच्या कादंबरीतली छत्रीवाली

माझा दादा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि तो मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवत राहायचा. त्या खोलीत प्लास्टरची धूळ इतकी, की तिथून उठून आला की तो घरभर पांढरी पावलं उमटवायचा. ती पुसायचं काम माझं. लग्न केलं नाही आणि भावाच्या घरी राहिले, म्हणजे पुसापुशी आपसूक वाट्याला येते. तक्रार नाही, नुसतं सांगतेय.

कवळ्यांतून उरलेल्या वेळात दादा कादंबरी लिहायचा. राक्षस, बोलणारे डोंगर, झोपी गेलेल्या नद्या, असला सगळा कारभार. मी म्हणायचे, "डोंगराला बोलतं करतोस, आधी त्या नळ दुरुस्तीवाल्याला बोलतं कर. फोन उचलत नाही तो." दादा हसायचा. "अजून मेणात आहे गं," म्हणायचा. कवळी पक्की करण्याआधी ती मेणात मांडून पेशंटच्या तोंडात बसवून बघतात. मेणात असेपर्यंत दात हलवता येतो, काढता येतो. एकदा पक्की झाली की त्यात काही करता येत नाही.

वहिनी पहिलीच्या मुलांना शिकवायची. पहिलीतली मुलं बेरकी असतात. धडा पाठ करून टाकतात आणि वाचल्यासारखं करतात. बोट एका शब्दावर, तोंड दुसरीकडेच. वहिनी टेबलावर पट्टी आपटायची, "बोट कुठे, तोंड कुठे? लिहिलंय तेच वाचायचं, मनातलं नाही." घरातही तेच. दादाने जेवताना एखादी बातमी तिखटमीठ लावून सांगितली की ती वर न बघता विचारायची, "बोट कुठे?"

मग ती विसरायला लागली. आधी चष्मा विसरली, मग पेटवलेली शेगडी, मग मला. मी कधी कामवाली असायचे, कधी तिच्या शाळेतली शिपाईण. शिपाईण असले की मला जरा जास्त मान मिळायचा.

रोज संध्याकाळी दादा तिला कादंबरीची पानं वाचून दाखवायचा. एवढ्या गर्दीतून तिच्या लक्षात राहिली ती एकटी छत्रीवाली. दादाच्या त्या राज्यात पाऊस कधी पडलेलाच नाही, आणि तिथे ही बाई मिटलेली काळी छत्री घेऊन उभी असते. वेशीवर उभी असते, लढाईच्या कडेला असते, राजा मरतो त्या खोलीतही असते. बोलत नाही, करत काही नाही. हातातली वस्तू काय आहे हेसुद्धा तिथल्या कुणाला ठाऊक नाही. राजाचं नाव वहिनी रोज विसरायची, स्वतःचंही विसरायची, पण खुर्चीत टेकली की विचारायची, "अहो, छत्रीवाली आली का?"

"आली की," म्हणत दादा ते पान काढायचा आणि तिचा चेहरा निवळायचा. ती कोण, कुठली, हे वहिनीने एकदाही विचारलं नाही. त्या एका 'अहो'वर दादाचा दिवस निघायचा. मला विचाराल तर त्यांचा संसार तेव्हा त्या छत्रीच्या काडीवर उभा होता.

एकाच प्रकाशकाने कादंबरीला होकार दिला. बाकीच्यांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नव्हती. मी दादाबरोबर त्याच्या कचेरीत गेले.

"सगळं झकास आहे," प्रकाशक म्हणाला. "फक्त ती छत्रीवाली. ती कोण?"

"माहीत नाही," दादा म्हणाला.

"मग येते कशाला?"

"येते."

"हे बघा, बोलणारा डोंगर वाचक चालवून घेतो. बिनकारणाची बाई नाही चालवून घेत. ती कोण ते सांगा, नाहीतर काढा."

मला राहवेना. "तुमच्या बाहेरच्या बाकावर एक आजोबा बसलेत. ते कोण?"

त्याने वाकून पाहिलं. "कुणास ठाऊक. येऊन बसतात."

"मग त्यांना का नाही काढलंत?"

"ताई, हे आयुष्य झालं," तो हसून म्हणाला. "पुस्तकाला शिस्त लागते." माणूस वाईट नव्हता. म्हणून तर त्याचा जास्त राग आला.

दादाला घाई होती. वहिनीची अक्षरओळखही आता फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती ओळख पुसली जाण्याआधी त्याला छापील पुस्तक वहिनीच्या हातात द्यायचं होतं, पहिल्या पानावर तिचं नाव असलेलं. नवा प्रकाशक शोधत बसायला वेळ कुठला?

आधी त्याने सांगून बघितलं. छत्रीवाली म्हणजे राजाची लहानपणी हरवलेली बहीण, असं लिहिलं आणि वहिनीला वाचून दाखवलं. तिने मान हलवली. "ही ती नाही."

"अगं, तीच आहे."

"नाही. ही कुणाची तरी बहीण आहे."

दुसऱ्या दिवशी दादाने छत्रीवाली काढून टाकली. "मधला दात काढला की शेजारचे कलतात, तसं थोडं होईल," मला म्हणाला. "पण पुस्तक तर हातात येईल. तिच्यापुरती छत्रीवाली मी तोंडी घालीन." त्याचे डोळे लाल होते. माझ्याकडे तरी कुठे दुसरा उपाय होता?

पुस्तक आलं. वहिनीने ते हुंगलं, मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवून अक्षराला अक्षर जोडत स्वतःचं नाव वाचलं. दादा रडला. मीही पदर डोळ्याला लावला. तेवढी पाच मिनिटं आम्ही सुखात होतो.

मग तिने विचारलं, "अहो, छत्रीवाली आली का?"

"आली की." दादाने वेशीचं पान उघडलं. तिने ओळीखाली बोट धरलं आणि तो वाचू लागला. "वेशीवर पहारेकरी उभे होते. आणि त्यांच्या मागे, मिटलेली छत्री घेऊन..."

बोट थांबलं. ओळीच्या सुरुवातीला परत गेलं, पुन्हा शेवटपर्यंत सरकलं. खालच्या ओळीवर गेलं, त्याच्याही खालच्या. मग वहिनीने मान वर केली. तो चेहरा मी तिच्या वर्गाच्या खिडकीतून पाहिलेला होता.

"बोट कुठे, तोंड कुठे?" ती म्हणाली. "खोटं वाचू नकोस. खाली बस."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. दादा खुर्चीतून उठला आणि खरोखरच खाली फरशीवर बसला. मला तिथे उभं राहवेना, मी स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने जुनी सुटी पानं आणली, छत्रीवाली असलेली. वहिनीने ती बाजूला सारली. "पुस्तक आण," म्हणाली. पुस्तक आणलं, तिने स्वतःच पान उलटून बोट फिरवलं आणि मिटून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही. दादा वाट बघत बसला. खिडकीतला उजेड गेला, मी दिवा लावला, तरी ती काही विचारेना. शेवटी तोच म्हणाला, "छत्रीवाली आलीय. ऐकायचं का?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. शाळेच्या फाटकात आलेल्या कुणा अनोळखी पालकाकडे बघावं, तसं अगदी सभ्यपणे.

"ती कोण?" तिने विचारलं.

"माहीत नाही," दादा म्हणाला.