मार्केट यार्डात पट शोधताना

जून उजाडायच्या आत आम्हा महापालिकेच्या शिक्षिकांना मुलं शोधायला बाहेर पडावं लागे. आमची शाळा गुलटेकडीच्या वस्तीतली, मराठी माध्यमाची. मुलांचे आईबाप पहाटेपासून मार्केट यार्डात. कोणी हमाल, कोणी कांदा निवडायला. घरी जाऊन उपयोग नसे, म्हणून पर्स काखेत मारून आम्ही थेट गाळ्यांवर जायचो. एक आडते मला दरवर्षी विचारायचे, "काय बाई, यंदा आवक कशी?" मी म्हणायचे, "तुमच्या टोमॅटोपेक्षा बरी. आमचा माल नासत नाही." बोलायला हे ठीक होतं. आवक दरवर्षी घटतच होती.

सरकारचा हिशेब सरळ होता. पटावर पुरेशी मुलं असतील तर तुकडी, आणि तुकडी असेल तर शिक्षक. मुलं कमी पडली की तुकडी बंद, शिक्षक 'अतिरिक्त' आणि ती जागा कायमची रद्द. माझ्या पगाराला धक्का नव्हता. निवृत्ती जवळ आली होती. फार तर शहराच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली असती. पण माझ्यामागे त्या वर्गात फळ्यासमोर कोणीतरी उभं राहावं, एवढा माझा हट्ट होता.

आयटीचे दिवस होते. काचेच्या इमारतीत बसायला इंग्रजी लागतं, हे पोती वाहणाऱ्या माणसालाही ठाऊक झालं होतं. त्या वर्षी माझी तिसरीची तुकडी अगदी काठावर होती, एक मूल गेलं तरी बुडणार अशी. आणि नेमकी तेव्हाच कांदा निवडणारी एक बाई लेकीचा दाखला मागायला आली. विदर्भातून आलेली, अबोल. लेक मात्र वर्गात सगळ्यात हुशार.

"मॅडम, पोरीले इंग्लिश शाळेत टाकतो," ती म्हणाली. "तुम्ही चांगलं शिकवता जी. पन मले पोरगी कांद्यात नाही बसवाची."

"अहो, इथे पुस्तकं फुकट, खिचडी फुकट. तिथे कशाला पदरमोड करता?"

"म्हनूनच त भरोसा नाही वाटत. फुकटचं चांगलं असते काय?"

राग आला, पण तिचा नाही. आमच्या शाळेच्या गळक्या छपराकडे आणि पाणी नसलेल्या नळाकडे बघून मीही कदाचित हेच म्हटलं असतं.

मुख्याध्यापकांनी दाखल्यावर सही केली. तो पोचवायचं काम मी मागून घेतलं. ती इंग्लिश शाळा काय दिवे लावते ते मला बघायचं होतं.

शाळा होती फरशीच्या दुकानावर, पत्र्याच्या शेडमध्ये. बोर्डवर टाय लावलेला गोरा मुलगा हसत होता. भर उकाड्यात वर्गाचं दार बंद, खिडक्या बंद. आतून मात्र स्वच्छ मराठीत वजाबाकी ऐकू येत होती. "जुडी सोड. काड्या सुट्या कर. आता घे उसन्या!"

मी दारातच थबकले. यार्डातल्या मुलांना कळावं म्हणून दशकाला मेथीची जुडी म्हणणारी मी एकटीच, असा माझा समज होता.

दार उघडलं तर समोर माझीच जुनी विद्यार्थिनी. एका हमालाची मुलगी, याच तिसरीच्या वर्गात माझ्याकडे शिकलेली. "अय्या, बाई!" म्हणत तिने सगळ्या वर्गादेखत वाकून नमस्कार केला. पोरं तिला 'मिस' म्हणत होती.

"दार लावूनच शिकवते," ती हळूच म्हणाली. "मालकांनी ऐकलं तर ओरडतील. पालकांना इंग्लिश हवंय, पण पोरांना आधी कळायला तर हवं ना!"

तिने डी.एड. केलं होतं, चांगल्या मार्कांनी. पण सरकारी भरती बंद होती, म्हणून ती इथेच होती. बोलता बोलता तिने विचारलं, "बाई, तुम्ही रिटायर कधी होणार?"

"मला घालवायची घाई झालीय होय गं?"

ती ओशाळली. "तसं नाही बाई. तुमची जागा निघेल ना. भरती कधीतरी उघडेलच. मला आपल्याच शाळेत यायचंय, आपल्याच वर्गात."

दाखला अजून माझ्या पर्समध्ये होता. विसरून आले म्हणावं आणि सरळ घरी जावं, असं फार वाटलं. पण जिचा दाखला होता ती पोरगी समोरच बसली होती, नवा टाय चाचपत. मला पाहून तिला आनंद झाला होता.

मी दाखला काढून दिला आणि खरं काय ते सांगूनही टाकलं. ही गेली की तुकडी बंद. माझ्यामागे जागाच उरणार नाही.

मिसने दाखला हातात घेऊन वाचला. मग तिने विचारलं, "वाचते का नीट?"

"खाडखाड वाचते."

"मग पहिल्या बाकावर बसवते," असं म्हणून तिने दाखला टेबलाच्या खणात ठेवला आणि दार पुन्हा लावून घेतलं.

जिन्यात मला रडू आलं. सरकारने माझ्यावर आणि तिच्यावर इतकी वर्षं खर्च केला होता. त्यातून एक उत्तम शिक्षिका तयार झाली, आणि सरकारलाच ती नको होती.