भडगावला गेलेला कोट

वडील गेले त्या दिवशी त्यांचा कोट भडगावला होता. लोकर आणि रेशीम मिसळून विणलेल्या कापडाचा तो कोट त्यांनी अमळनेरच्या कापसाच्या पेढीवर असताना हौसेने शिवून घेतला होता, पण तो बहुतेक आळीतल्या नवरदेवांच्याच अंगावर असे. त्या माघात त्यांना हिवताप भरला. दोन गोधड्या घालूनही हुडहुडी थांबेना, तेव्हा त्यांनी आईकडे कोट मागितला. तो कोट शेजारचा मुलगा स्वतःच्या लग्नाला घालून गेला होता. मी म्हणालो, "आबा, मी जाऊन आणतो." त्यांना तशातही हसू आले. "अन् नवरदेवाला काय नुसत्या बंडीवर उभा करतोस? बोहल्यावरून उतरू दे की त्याला." म्हणून मी गेलो नाही. वऱ्हाड परतले तेव्हा आमच्या अंगणात तिरडी बांधत होते. नवी नवरी बैलगाडीतच बसून राहिली. तो मुलगा धावत आला, कोट काढून हातात धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, "भाऊ, माले काबरं नही सांगं?" कॉलरवर त्याची हळद उमटली होती. कोट अजून माझ्या पेटीत आहे. त्यानंतर तो मागायला आळीतून कुणी आले नाही.