जावयाचा रुसवा

डोणगावच्या महादेवरावांनी शेती केली, किराणा दुकान काढून पाहिलं, पण नाव झालं ते रुसण्यात. नांदुऱ्याच्या सासरी ते थोरले जावई. त्या घरचं एकही कार्य त्यांच्या रुसण्यावाचून तडीस गेलं नाही. वरण पातळ झालं, रुसले. वरण घट्ट झालं, रुसले. एकदा कोणाचं काहीच चुकलं नाही, म्हणून रुसले. मेहुणे किसनराव दर वेळी गल्लीच्या टोकापर्यंत मागे धावायचे आणि महादेवराव नाही-नाही म्हणत परत यायचे.

यंदा गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या जेवणाला किसनरावांच्या ऋत्विकनं पुण्याहून शिवमला आणलं. दुसरबीडचा पोरगा. हा माझा मित्र नाही, जन्माचा जोडीदार आहे, हे ऋत्विकनं घरात आधीच सांगून टाकलं होतं. किसनराव त्यावर हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. फक्त उठून पंखा वाढवला होता.

जेवता जेवता शेजारचे शालिग्रामजी डोकावले. "हा कोन?"

किसनरावांना रोडग्याचा ठसका लागला. "हा होय? रूम पार्टनर हाये ऋत्विकचा."

शिवमनं हात धुतले, पिशवी उचलली आणि स्टँडची वाट धरली. ऋत्विक दारात उभा राहून बापाकडे बघत राहिला.

महादेवरावांनी जाणकारासारखी मान हलवली. "किसनराव, हा रुसला."

"मंग मी काय करू भाऊजी? कायद्यात या दोघायचं लगन बसतच नाही. कोर्ट म्हनते संसदेले इचारा."

"मंग बसवा म्हना कायद्यात. मी तुमचा कोन हो? ना रक्ताचा, ना कामाचा. तुमच्या बहिणीसंगं लगन लागलं, तेवढ्यावर जलमभर मान खाऊन राह्यलो. अन् ऋत्विकले डेंगू झाला तं हा पोट्टा दवाखान्यात दाराबाहेर. काऊन? तं नातेवाईक नाही. मित्र रुसला तं बस धरून घरी जाते. जवाई रुसला तं घर त्याले आनाले जाते. लगन लगन म्हन्तेत ते हेच."

"पह्यल्यांदा कामाचं बोलले," महादेवरावांच्या मंजुळाबाई नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या.

किसनराव उठले. पायाला लागली ती मंजुळाबाईंची चप्पल घालून धावले. शिवम रसवंतीपाशी सापडला. नवीन काही सुचेना, तेव्हा इतकी वर्षं महादेवरावांमागे धावताना जिभेवर बसलेलंच बाहेर आलं: "पोराचं चुकलं असं समजा, अन् चाला घरी, जवाईबापू."

रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. शिवमला हसावं की रडावं कळेना. तो आला मागोमाग. दारात किसनरावांनी त्याची पिशवी ऋत्विकच्या हातात दिली आणि शालिग्रामजींना ठणकावून सांगितलं, "हे आमचे धाकले जवाई."

महादेवराव मात्र फार नाराज दिसले. शिवमला जवळ बसवून ते हळूच म्हणाले, "एका हाकेत वापस येते का बे कोनी? कायदा येईस्तोवर जराशी तालीम करून ठेव."