शिसवाची जाळी आणि बोअरची मोटार

विमलबाई आणि त्यांचे धाकटे दीर मार्तंड यांच्यात वितुष्ट आलं ते एका ग्रहणावरून. मार्तंडभाऊजी तुळजापुरात आणि आसपासच्या गावांत यजमानांकडं पूजा सांगायला जात. विमलबाई कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. एकदा यजमान मंडळी बसलेली असताना भाऊजींनी ग्रहण सुटायची वेळ सांगितली. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलेल्या विमलबाईंनी ती चुकल्याचं सांगितलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी खडू आणून फरशीवर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र काढले. यजमान हसले. भाऊजींचा चेहरा पडला, आणि तो बघून विमलबाईंना मनातून बरं वाटलं.

घर एकच होतं. मधे भिंत घालून दोन भावांचे दोन भाग केलेले. पण विजेचा मीटर सासऱ्यांच्या नावावरचा एकच, बोअर एकच आणि देवघरही एकच. वाटणीत फाटकाजवळची खोली थोरल्या अनिरुद्धरावांकडं, म्हणजे विमलबाईंच्या नवऱ्याकडं गेली. भाऊजींचे यजमान तोवर तिथंच बसत. नंतर ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसू लागले, आणि विमलबाईंनी निवृत्त झाल्यावर त्या खोलीत सीएनसी राउटर आणून मांडला.

जेवणाच्या टेबलाएवढी चौकट आणि तिच्यावर पुढंमागं, डावीउजवीकडं, वरखाली फिरणारं मोटारीचं डोकं. संगणकावर नक्षी काढून दिली की डोक्यात बसवलेलं बिट, म्हणजे फिरतं पातं, ती लाकडात कोरत जायचं. सुटे भाग मागवून विमलबाईंनी ते स्वतः जोडलं होतं. प्लायवूडवर घरांच्या पाट्या कोरल्या, आंब्याच्या लाकडात चौरंगाची फुलं कोरली. आवाज मात्र व्हायचा. भिंतीपलीकडं भाऊजींचा जप चालू असताना तर लईच व्हायचा.

त्या वर्षी देवघरातल्या देव्हाऱ्याची दर्शनी जाळी भुंग्यानं पोखरून भुगा केली. त्याच सुमाराला बेंबळीला विमलबाईंच्या भावाच्या शेतात वादळानं शिसवाचं झाड पडलं, आणि त्यानं बहिणीला दोन फळ्या पाठवल्या. काळसर, दगडासारखं जड लाकूड. विमलबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, नवरात्रापूर्वी नवी जाळी मी करणार.

"वहिनी, देवाचं काम आहे," भाऊजी म्हणाले. "सुताराच्या हाताला लाकूड कळतं. त्या घरघरीला काय कळणार?"

"तुमच्या हाताला ग्रहणसुद्धा कळत असेल मग," विमलबाई म्हणाल्या.

त्यांची धाकटी जाऊ राजेश्वरी तिथंच बसून वाती वळत होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "ताई, कशाला?" घरात दोन्ही बाजूंनी बोलणारी ती एकटीच उरली होती.

पहिली फळी वाया गेली. कमळांची नक्षी होती. कोपऱ्याकोपऱ्यात लाकूड जळून काळं पडलं, आडव्या रेषेवर कडांची तुसं निघाली, कमळं गोल व्हायची ती अंड्यासारखी झाली, आणि निम्म्यावर सगळी नक्षीच ज्वारीच्या दाण्याएवढी डावीकडं सरकली. पाकळीचा वरचा भाग एकीकडं आणि देठ दुसरीकडं. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. फळी उचलून त्यांनी उजेडात धरली.

"ही देव्हाऱ्याला लावायची का चुलीत घालायची?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेले. संध्याकाळी समोरच्या दुकानदारानंही विमलबाईंना हसत तेच विचारलं.

मग त्या इरेला पेटल्या. दुसऱ्या फळीला हात लावायचा नाही, आधी एकेक खोट शोधून काढायची, असं त्यांनी ठरवलं. वाया गेलेल्या फळीचे तुकडे करून त्या चाचण्या घेऊ लागल्या. जळकेपणाचं कारण त्यांच्याच भीतीत निघालं. लाकूड टणक, बिट मोडेल म्हणून त्यांनी डोकं अगदी सावकाश चालवलं होतं. त्यामुळं बिट कापण्याऐवजी जागेवरच घासत राहिलं. चिमटीत घेतलेला भुसा पिठासारखा लागत होता. त्यांनी बिट नवं बसवलं, त्याचं फिरणं कमी केलं आणि पुढं सरकणं वाढवलं. आता हातात पीठ येण्याऐवजी बारीक सालपटं येऊ लागली, आणि कोपरे स्वच्छ निघाले. तुसं निघू नयेत म्हणून त्यांनी कडेला कागदासारखी पातळ लाकडाची जाडी राखून ठेवली, आणि ती शेवटी उलट्या दिशेनं एका हलक्या फेरीत काढली. अंड्यासारख्या कमळांचं मूळ एका बारीक स्क्रूत होतं. मोटारीचा दांडा जिथं जोडलेला, तिथला स्क्रू ढिला होऊन प्रत्येक वळणावर थोडा खेळत होता. तो घट्ट केल्यावर वर्तुळ वर्तुळ झालं.

सरकण्याचं कोडं मात्र सुटेना. कधी नक्षी सरकायची, कधी नाही. जागाही ठरलेली नाही. त्यांनी केबल तपासल्या, यंत्राची मोटार तापते का बघितलं, वेग कमी केला. काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी बिट काढून तिथं पेन बांधलं आणि कागदावर तीच नक्षी काढायला लावली. कागदाला काय, जोर लागत नाही. तरी नक्षी सरकली तर दोष लाकडाचा नाही. पहिला कागद बिनचूक निघाला. दुसऱ्याच्या मध्यावर छताचा दिवा एकदम मंदावला, भिंतीपलीकडं बोअरच्या मोटारीनं हुंकार दिला, आणि पेननं दाण्याएवढी उडी मारली.

विमलबाईंनी मल्टिमीटर लावला. मोटार सुरू होताना व्होल्टेज धाडकन खाली येत होतं. तेवढ्या क्षणात मोजून पावलं टाकत फिरणाऱ्या यंत्राच्या मोटारी एखादं पाऊल चुकायच्या, आणि यंत्राला त्याचा पत्ताच लागायचा नाही.

अनिरुद्धराव तहसिलातून निवृत्त झालेले, भांडणापासून चार हात लांब राहणारे गृहस्थ. ते म्हणाले, "एक स्टॅबिलायझर आण की. नाहीतर मार्तंडाला वेळ सांग, तेवढ्यात मोटार लावू नको म्हणावं."

वेळ सांगितली. भाऊजी "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेतच मोटार लागली, बंद झाली, पुन्हा लागली. विमलबाई खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. गच्चीवरच्या टाकीतून पाणी ओसंडून अंगणात पडत होतं, आणि भाऊजी बटनाशी उभे राहून फाटकाजवळच्या खोलीकडं कान देत होते. यंत्राचा आवाज बारीक झाला की बोअरची मोटार बंद. वाढला की चालू.

विमलबाई तशाच अंगणात गेल्या.

"टाकी भरून वाहतीय भाऊजी. कुणासाठी पाणी उपसताय?"

"आमच्या घरात पाणी कधी भरायचं, हे पण तुम्हीच शिकवणार?"

"मशीन चालू झालं की तुमचं बटन चालू होतं. मी उभं राहून बघितलंय."

"बघा की. तुम्हाला सगळं दिसतं. आकाशातलं दिसतं, भिंतीपलीकडचं दिसतं." त्यांनी आवाज चढवला नाही. "माझ्या वडिलांच्या खोलीत पाटावर बसून मी संकल्प सोडायचो. तिथं तुम्ही लाकडाचा कारखाना काढला. मी कुणाला जाब विचारायला आलो होतो?"

अनिरुद्धरावांनी पुन्हा स्टॅबिलायझरचा विषय काढला. "त्यांच्या खोडीवर मी औषध आणायचं?" असं म्हणून विमलबाईंनी तो उडवून लावला. त्यांना जाळी हवी होतीच, पण त्याहून जास्त आता त्यांना जिंकायचं होतं.

घरातल्या विजेचा बोर्ड फाटकाजवळच्या खोलीत होता. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी सकाळी त्यांनी दुसरी फळी शिकंज्यात घट्ट आवळली, बोअरच्या मोटारीचा खटका खाली ओढला आणि खोलीला आतून कडी घातली.

यंत्र चालू लागलं. पलीकडून बटन दाबल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग भाऊजींची हाक, मग दारावर थाप. विमलबाईंनी भुसा ओढणारा पंखाही चालू केला, म्हणजे काही ऐकूच येऊ नये. बिट शिसवात शिरत होतं, सालपटं उडत होती. पहिलं कमळ गोल उतरलं, दुसरं उतरलं. इतकं चांगलं त्यांच्या हातून आजवर काही झालं नव्हतं.

दुपारी भुसा काढून टाकायला त्यांनी पंखा बंद केला, तेवढ्यात दारावर वेगळीच थाप पडली. हलकी.

"ताई, मी आहे." राजेश्वरीचा आवाज होता. "नवरात्राचं धुणं काढलंय. सगळ्या गोधड्या सोड्यात भिजत घातल्यात. टाकी रिकामी झाली. अर्धा तास तरी मोटार लावू द्या."

विमलबाई दारापर्यंत गेल्या. यंत्र मधे थांबवता आलं असतं. परत चालूही करता आलं असतं. पण थांबवलं तर पलीकडं भाऊजी बटनाशी उभेच होते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी पलीकडच्या घरात पाणी नाही, ही गोष्ट त्यांना गोड लागत होती.

"तुझ्या नवऱ्यानं काल टाकी भरून वाहवली ना," त्या आतूनच म्हणाल्या. "त्यातलं असेल तर बघ."

थोड्या वेळानं रिकामी घागर जमिनीवरून उचलल्याचा आवाज आला. राजेश्वरीनं त्या दिवशी दोन गल्ल्या ओलांडून हातपंपावरून पाणी आणलं. तिची कंबर आधीच धरलेली असायची, हे विमलबाईंना ठाऊक होतं. त्यांनी कडी काढली ती दिवे लागायच्या वेळी, जाळी पूर्ण झाल्यावर.

जाळीत खोट काढायला जागा नव्हती. तेल लावून पुसल्यावर शिसवाच्या रेघोट्या उठून आल्या. अनिरुद्धरावांनी ती देव्हाऱ्याला बसवली.

घटस्थापनेला सकाळीच भाऊजी तांब्याचं ताम्हन घेऊन देवघरात आले. मागं समई धरून राजेश्वरी होती. त्यांनी जाळीकडं बघितलंसुद्धा नाही. एकेक टाक, बाळकृष्ण, शंख उचलून ते ताम्हनात ठेवू लागले.

"मार्तंडा, हे काय चालवलंयस?" अनिरुद्धराव म्हणाले.

"वडिलांनी खोली तुम्हाला दिली, देव माझ्या हवाली केले. रोज पूजा कोण करतं?" त्यांनी एक टाक मात्र मागं ठेवला. "हा थोरल्या घराचा. राहू द्या. आमचे देव आमच्याकडं बसतील. शेजाऱ्याचं पाणी तोडून केलेल्या मखरात त्यांना बसवणार नाही."

विमलबाईंकडं उत्तर तयार होतं. टाकीचं, बटनाचं, वाया गेलेल्या फळीचं. सगळं ओठावर आलं होतं. पण त्यांची नजर राजेश्वरीच्या हातांकडं गेली. सोड्यानं बोटं सोलवटली होती.

"राजेश्वरी," त्या म्हणाल्या, "तू तरी बघून जा."

राजेश्वरी थांबली. तिनं जाळी नीट बघितली, एका कमळावरून बोटही फिरवलं.

"चांगली झालीय, ताई," ती म्हणाली. "कुठं म्हणून चुकली नाही." समई सावरत ती नवऱ्याच्या मागं निघाली, आणि उंबऱ्यावरून वळून न बघताच म्हणाली, "दिवसभर दार उघडलं नाही, तेवढी चांगली झालीय."

त्यानंतर ती विमलबाईंशी बोललेली नाही. दोन मीटर झाले, पाण्याच्या दोन टाक्या झाल्या, अंगणात कमरेएवढी विटांची भिंत आली. विमलबाईंकडं आता लोहाऱ्यापासून लोक देव्हाऱ्यांचं काम घेऊन येतात. सागवान आणतात, शिसव आणतात. बिघडलेल्या कामाचा तुकडा बघून त्या खोट ताबडतोब सांगतात. दिराबद्दल विचारलं तर अजूनही ताडकन बोलतात, "त्यानंच सुरू केलं." राजेश्वरीबद्दल विचारलं तर भुसा झाडायला उठतात.

पलीकडच्या आरतीला अनिरुद्धराव रोज जातात. विमलबाई जात नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावतही नाही.