ठकूकाकीचा फोटो

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. पण सांगतो.

आमचा धनगरवाडा पाटणच्या वर, डोंगरमाथ्यावर. कारवीच्या कुडाची मोजकी घरं, दारात म्हशी, आणि सकाळी सगळीकडं ताकाचा आंबूस वास. तो वास मला अजून येतो — मधेच, कुठंही. लढाईच्या दिवसांत मी सांगलीला एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. सुट्टीला निघालो की मालक जुना कॅमेरा बरोबर द्यायचे. आमच्या माणसांचे फोटो आमच्यातलाच कुणी काढतोय, याचं वाड्याला केवढं अप्रूप! म्हातारे काळ्या फडक्यात डोकं घालून बघायचे, आणि आत माणसं उलटी दिसली की हसून लोळायचे.

एका हिवाळ्यात ठकूकाकी आली — माझी चुलती. तिचा एकुलता विठू पलटणीत, समुद्रापल्याड. रजेवर आलेल्या एकाजवळ त्यानं निरोप धाडला होता : आईचा फोटो पाठव. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून, केस चापूनचोपून बसली.

"आरं, म्या हासू का नगं?"

"हास की, काकी."

"नगं. त्येला वाटंल, आई हितं लय मजेत हाय."

लढाईमुळं, फोटो ज्यांवर उमटतो त्या काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या. माझ्याकडं एकच उरली होती. आणि मला हवा होता — कसं सांगू? — धुक्यातून उतरणारा म्हशींचा कळप. मालक तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी कपाटात लावतील, खाली माझं नाव येईल... एवढंच. काकीला 'प्लेट नाही' म्हणता आलं नसतं? आलं असतं. पण ती नटून बसली होती, आणि तिचं पडलेलं तोंड मला बघायचं नव्हतं. मी फडक्यात डोकं घातलं. रिकाम्या कॅमेऱ्याचं झाकण काढलं, लावलं. "झाला, काकी. सांगलीहून परस्पर धाडतो त्येला." तिनं श्वास रोखून धरला होता.

म्हशींचा फोटो सुरेख आला. लोक थांबून बघायचे.

घरी गेलो की काकी विचारायची, "पोचला का रं त्येला?" मी म्हणायचो, पोचला असंल. पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. लेक आपल्याला बघतोय, याच समजुतीत गेली.

लढाई संपल्यावर विठू थेट स्टुडिओत आला. "फोटू मला मिळालाच न्हाई गड्या. काच असंल न्हवं तुज्याकडं? दुसरा काढून दे."

मी म्हणालो, काच फुटली.

 त्यानं माझ्याच पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रं. तू तरी काय करणार?"

पुढं त्याला पोरं झाली, नातवंडं झाली. म्हातारी दिसायला कशी होती, ते तो मलाच सांगायला लावायचा — "तू बघितलंयस तिला, मी नव्हतो तवा." मी सांगायचो. हनुवटीवरचं गोंदण, पिकलेल्या भुवया. पोरं ऐकायची. विठूही मान खाली घालून ऐकायचा. तो गेला, तोवर मी त्याला दुसरं काही सांगितलं नाही.