नुसते ओठ हलव

किळस आली मला. दुसरा शब्द न्हाय त्याला.

आमच्या घरात रोज जेवणाआधी प्रार्थना होते आणि एक गीत होतं. ते गीत आम्ही चुकीच्या चालीत म्हणतो. माझे वडील शिरोळकडं उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. इंजिनाच्या आवाजावर गाऊन गाऊन गळा असा झालेला की दुसऱ्या ओळीला त्यांचा सूर हमखास कोसळायचा. आम्हा भावंडांच्या तोंडात तीच चाल बसली, मग माझ्या पोरांच्या, मग नातीच्या. चर्चमध्ये पेटी एकीकडं आणि आमचं घराणं भलतीकडंच! लोक हसायचे. हसेनात का. येशू मला पहिल्यांदा कळला तो त्या फाटक्या गळ्यातनं.

गेल्या नाताळाच्या आधी कोल्हापुरातल्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या पोरांची गीतस्पर्धा ठरली. पार गारगोटीपासनं गट येणार होते. नात खुशीत होती. आणि एका संध्याकाळी बघते तर घरातल्या गीताला पोरगी नुसते ओठ हलवतीय.

"का गं, घसा बसला काय?"

"न्हाय. बाईंनी सांगितलंय, तू नुसते ओठ हलव. तुझा सूर सगळ्यांना खाली ओढतो."

"ते तिथं. घरात म्हण की!"

"घरात म्हणलं की तीच सवय लागती, असं म्हणल्यात त्या."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी तडक गेले. संडे स्कूलच्या बाई आमच्याच मंडळीतल्या, तोंडावर सदा गोड हसू.

"राग मानू नका हं, काकू. पहिल्या नंबराची ढाल आपल्याकडं यायला पाहिजे ना? एका पोरीपायी सगळ्यांची मेहनत मातीत जाईल."

"अहो, स्पर्धेला वचन कुठलं घेतलंय तुम्ही? गीतांनी एकमेकांना शिकवा म्हणून!"

"वचन बरोबरच आहे हो. पण परीक्षक बाहेरचे आहेत."

मी पोरीला गटातनं काढतच होते, पण ती रडायला लागली. सगळ्या मैत्रिणी तिथंच. म्हणून राहू दिलं तिला.

स्पर्धेला स्टेजच्या मागं भलामोठा फ्लेक्स. त्यावर तेच बायबलातलं वचन, प्रेषितानं एका मंडळीला पत्रात लिहिलेलं, भोवती फुगे आणि मेणबत्त्या छापलेल्या. त्याच्याखाली मागच्या रांगेत माझी नात, गळ्यात चमकीची माळ, तोंडाची उघडझाप. ते वचन मला लहानपणापासनं पाठ. पण मी आपली समजायची, गीत म्हणजे देवाला ऐकवायचं. त्या दिवशी 'एकमेकांना' या शब्दावर डोळा अडकला तो हलेना. म्हणजे वडील रोज संध्याकाळी आम्हाला काहीतरी देत होते. आणि सुरात द्या, असं तिथं कुठंच लिहिलेलं न्हाय. एवढा मोठा फ्लेक्स, एवढी ठळक अक्षरं, आणि वाचायला कुणाला सवड न्हाय!

आमच्या गटाचा पहिला नंबर आला. प्रत्येक पोराच्या गळ्यात पदक. बाईंनी नातीचा गाल ओढला, "काय सुंदर गायलीस गं, गुणाची!" शी! कागदी डिशमधला केक तसाच खुर्चीखाली ठेवला आणि उठले.

घरी आल्यावर नातीनं पदक काढून माझ्या हातात दिलं. "आज्जी, ह्ये माझं न्हाय."

जेवणाआधी मी वडिलांचं गीत काढलं. दुसऱ्या ओळीला त्यांच्यासारखीच कोसळले, मुद्दाम, चांगली मोठ्यानं. नात डोळे मिटून शेजारी बसलेली. ओठ शब्दाशब्दाला बरोबर हलत होते. मी गाता गाता वाकले आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला. कानाला नुसता तिचा श्वास लागला.