देवीपाशी ठेवलेली उशी

देवीला सोनं वाहणारे, साडी वाहणारे, बोकड वाहणारे आमच्या धाराशिव जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील; पण देवीला स्वतःची उशी वाहिलेला माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू निघावा, हे माझं भाग्य. साडूभाऊ राहतात येरमाळ्याला. ओट्यावर बसलं की येडेश्वरी देवीचा डोंगर समोर. एका कंपनीच्या ठिबकच्या नळ्या विकायला ते भूमपासून कळंबपर्यंत मोटारसायकलवर हिंडतात आणि टार्गेट हा शब्द त्यांच्या आयुष्यात शिरला तो या नोकरीच्या मागून. दुसरे लोक टार्गेटला घाबरतात, नाहीतर साहेबाच्या नावानं बोटं मोडतात. साडूभाऊंनी त्याचा नवस केला. आपल्याकडे जुनी रीत आहे, मनातलं काम होईपर्यंत एखादी आवडती गोष्ट देवापाशी सोडायची. कुणी गूळ सोडतो, कुणी पायताण सोडतो. काम झालं की नारळ फोडायचा आणि सोडलेलं परत घ्यायचं. साडूभाऊंनी विक्रीत तालुक्यात पहिला येईपर्यंत उशी सोडली.

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. घोटाळा असा, की पहिला नंबर हाताशी आला की साडूभाऊंना तो अगदीच किरकोळ वाटायला लागायचा. "तालुका काय घिऊन बसलाव पाव्हणं, जिल्हा बघा की!" नारळ तसाच राहायचा, उशी तिकडेच राहायची आणि जिल्ह्यासाठी नवीन काहीतरी सोडलं जायचं. असा खवा गेला. खव्यासाठी नावाजलेल्या भूमच्या बाजारात ऊठबस असलेल्या माणसानं खवा सोडायचा, म्हणजे विचार करा. आमच्या धाकट्याच्या बारशाला ताटात गुलाबजाम आला, तेव्हा साडूभाऊंनी तो वरणाच्या वाटीआड लपवला आणि जेवण होईपर्यंत दोघं एकमेकांकडे चोरून बघत राहिले. घरावर वरचा मजला चढेपर्यंत त्यांनी एसटीतली खिडकी सोडली. आता खिडकी म्हणजे या माणसाचा जीव. पळती रानं बघत बसले की यांचं गाव मागे निघून जायचं. एकदा आम्ही दोघं भूमला निघालो होतो, गाडी निम्मी रिकामी आणि हे खिडकीची जागा मोकळी सोडून अलीकडे अंग चोरून बसलेले. मी मागच्या बाकावर होतो. कंडक्टरनं विचारलं, "खिडकीला कोण हाय?" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "देवी हाय." कंडक्टरही आमच्याच भागातला. त्यानं शांतपणे मशीन पुढं केलं, "मग बाईमाणसाचं अर्धं तिकीट काढा की." साडूभाऊंनी खरंच काढलं.

मी स्वतः आयुष्यात काही ठरवत नाही. ठरवलेलं होत नाही, हा अनुभव मला लहानपणीच फुकटात मिळाला, त्यामुळे दुपारची झोप शाबूत आहे. त्या झोपेच्या काठावर मला पुष्कळदा येडेश्वरी दिसायची. डोंगरावर वारा सुटलेला, ती साडूभाऊंच्या बाजेवर आडवी झालेली, डोक्याखाली त्यांची उशी, हाताशी खव्याचा द्रोण आणि खिडकीतून पळती रानं बघत ती म्हणते आहे, हा बाबा आता आणखी काय आणून टाकतोय! बाज म्हटलं, कारण बाजही गेली होती. उन्हाळ्यात दिवस कलला की अंगणात बाजेवर उताणं पडायचं आणि आभाळ बघायचं, हे साडूभाऊंचं खरं सुख. तेही त्यांनी कसल्याशा बक्षिसासाठी सोडलं. बक्षीस मिळालं. ते कपाटावर आहे. बाज भिंतीला उभी राहिली ती राहिलीच.

आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी गाणं सोडलं. इथं मात्र मला हसू येईना. साडूभाऊंचा गळा गोड होता. देवीची गाणी ते अशी म्हणायचे की चुलीपुढची माणसं भाकरी उलटायची विसरायची. त्यांची एकुलती एक लेक लहानपणी त्या बाजेवर, त्यांच्या पोटावर डोकं ठेवून, ती गाणी ऐकतच झोपायची. एरिया मॅनेजर होईपर्यंत गाणार नाही, असं हा माणूस डोंगराकडे हात जोडून बोलून बसला. कंपनीत एरिया मॅनेजर एकच, तो धडधाकट आणि हलायचं नाव नाही. घर एकदम मुकं झालं. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाली, "आगं, भांडायला तोंड उघडत्यात, तेवढाच आवाज ऐकू येतो बघ."

मग लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तामलवाडीचा, तारीख वैशाखातली. कपडे, दागिने, कशाचाच तिनं हट्ट धरला नाही. एकच म्हणाली, "हळदीला अण्णांनी गायचं. बास."

"मॅनेजर होऊ दे बाळा, मग सकाळ-संध्याकाळ गातो."

"माझं लगीन त्याच्या आधी हाय अण्णा."

साडूभाऊ खचले. माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "लई अवघड झालं, पाव्हणं. पोरीला न्हाय म्हणवत न्हाय, आन् देवीला दिलेला शब्द माघारी घ्यायला तोंड न्हाय." डोळे भरले होते. तो माणूस नाटकी नव्हता, खरंच कात्रीत सापडला होता, आणि मला त्याचा राग येता येता दया आली.

चैत्रात येरमाळ्याची यात्रा भरली. पालखी डोंगरावरून खाली उतरते, आमराईत मुक्कामाला जायच्या आधी चुन्याच्या रानात येते, आणि जमलेला सगळा लोक तिथं चुनखडीचे खडे वेचून एका जागी टाकतो. देऊळ बांधायला चुना लागला होता, तेव्हापासूनची ही चाल असं म्हणतात. देऊळ कधीच बांधून झालं. वेचणं चालूच आहे. आम्ही सगळे गेलो. उन्हात रान पांढरं धुकं पडल्यासारखं दिसत होतं, हलगी वाजत होती, बाया पदरात खडे घेऊन चालल्या होत्या. साडूभाऊ पोतं घेऊन आले होते.

"पोतं कशाला, अण्णा?" लेकीनं विचारलं.

"पोतंभर वेचतो. म्हंजी देवी लवकर मनावर घील."

ती ओढणीत चार-दोन खडे धरून उभी होती. लग्नाआधीची तिची ही शेवटची यात्रा. तिनं त्यांच्या हातातलं पोतं काढून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, देवीनं तुमचं काय मागितलं हुतं का? उशी तुम्हीच नेऊन ठिवली, खवा तुम्हीच ठिवला. मी चालले तामलवाडीला. माझं गाणं तरी तिच्याकडं ठिवू नका. ते तुमचं एकट्याचं न्हाय."

साडूभाऊ वाकले, एक खडा उचलला, ढिगाकडे गेले आणि डोंगराकडे बघत लाजत म्हणाले, "आई, चुकलं माकलं पोटात घाल. ह्यो घे खडा, माझी उशी दे." आजूबाजूची माणसं बघायला लागली. त्यांनी दुसरा टाकला, "खवा दे." मग खिडकी, मग बाज. एकेक वस्तू सोडवून घेत होते, आणि प्रत्येक खड्यामागं त्यांचे खांदे थोडे खाली येत होते. शेवटचा खडा मात्र मुठीत बराच वेळ राहिला. तो टाकताना ते काहीच बोलले नाहीत. नुसते गायला लागले.

आवाज बसलेला होता. पहिली ओळ चिरकली, दुसरी हलगीत बुडाली. तिसरीला तो जुना गळा कुठूनतरी परत आला. लेक पाठमोरी खडे वेचत होती. तिचा हात तसाच जमिनीवर राहिला. आक्का पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक. मला रडू आलं, हे मी सांगून टाकतो.

हळदीला ते गायले, पोरगी नांदायला गेली. साडूभाऊ अजून एरिया मॅनेजर झालेले नाहीत. टार्गेट त्यांना आजही असतं, ते त्यासाठी उन्हातान्हात हिंडतातही, पण नारळ आता जे झालं त्याचा फोडतात आणि त्यातलं खोबरं स्वतः खातात. संध्याकाळी बाजेवर उशी घेऊन पडतात. मध्यंतरी मी विचारलं, "मॅनेजरचं काय?" म्हणाले, "व्हईल तवा व्हईल. आज आभाळ बघा की वाईच." मी शेजारी पडून बघितलं. एक ढग डोंगराकडे हळूहळू चालला होता, आणि आम्हा दोघांनाही कुठं जायचं नव्हतं.

नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला निघाले, तेव्हा मीही बरोबर होतो. गाडीत खिडकी मोकळी होती. हल्ली ते धावत जाऊन खिडकी धरतात, म्हणून मी मुद्दाम मागं सरलो. पण ते अलीकडेच बसले आणि खिडकीच्या जागेवर त्यांनी आपला रुमाल टाकला. कंडक्टर आला. "खिडकीला कोण हाय?"

मला वाटलं, गेली खिडकी पुन्हा देवीकडं.

"कोण न्हाय," साडूभाऊ म्हणाले. "पोरगी बसायची तिथं. माघारी येताना बसंल."

आणि त्या रिकाम्या जागेच्या पलीकडे पळणारी रानं बघत ते हळू आवाजात गायला लागले.